निरीक्षणगृहापासून भाड्याच्या खोलीपर्यंत

सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले, तर घरच्यांनी पहिल्या रात्री काय करायचे, कुणाला भेटायचे आणि कोणता कागद बरोबर न्यायचा, हे सांगणारे सहसा कुणी भेटत नाही. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे आणि कागदपत्रांशी माझा रोजचा संबंध येतो, तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये माझ्या भाच्यावर ही वेळ आली तेव्हा अशा मुलांची प्रकरणे ऐकणारे बाल न्याय मंडळ कुठे भरते हेसुद्धा मला ठाऊक नव्हते. ते प्रकरण आता पूर्ण झाले आहे. त्याचा क्रम, त्यात गेलेला वेळ आणि पैसा कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे. भाच्याचे नाव, गाव आणि जिल्हा यात येणार नाही, कारण बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. हा मजकूर त्याने वाचला आहे आणि त्याच्या संमतीनेच तो प्रसिद्ध होत आहे.

माझी बहीण २०१९ मध्ये वारली. मेहुणे ट्रक चालवतात. त्यांनी दुसरा संसार थाटला आणि मुलगा माझ्या आईकडे राहिला. आई सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, गावातल्या जुन्या वाड्यात एका खोलीत भाड्याने राहणारी. मुलगा दहावी जेमतेम पास झाला, अकरावीला नाव घातले आणि दिवाळीची वाट न पाहता कॉलेजला जाणे बंद केले. दिवसभर तो एका गॅरेजवर बसलेला असे.

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार, गौरी विसर्जनाची रात्र. साडेअकराच्या सुमारास पोलीस ठाण्यातून फोन आला. चोरीच्या मोटारसायकलवरून तिघे जाताना नाकाबंदीत सापडले होते. त्यांतला एक एकोणीस वर्षांचा, आमचा सोळा वर्षे चार महिन्यांचा आणि तिसरा त्याहून लहान. मी आणि माझे यजमान ठाण्यात पोहोचलो तेव्हा भाचा ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसला होता. अशा मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि चोवीस तासांच्या आत मंडळासमोर हजर करावे लागते, हे तिथे मला एका वयस्कर हवालदारांनी सांगितले. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि त्याने साध्या वेशात मुलाशी बोलायचे असते. आमच्या ठाण्यातले अधिकारी विसर्जनाच्या बंदोबस्ताला गेले होते, ते पहाटे आले.

इथली पहिली सूचना वयाच्या पुराव्याची. मी घाईत आधार कार्ड नेले होते, पण वय ठरवताना कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे मंडळाचे प्रमाणपत्र पाहतो, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचे प्रमाणपत्र यांच्या दोन-दोन साक्षांकित प्रती घरात तयार असाव्यात. रविवारी पहाटे झेरॉक्सचे दुकान उघडे मिळत नाही.

दुसरी गोष्ट प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची. मुलाने एकट्याने किरकोळ किंवा गंभीर स्वरूपाचा अपराध केला असेल, तर नियमांनुसार पोलीस गुन्हा न नोंदवता ठाणे दैनंदिनीत नोंद करतात आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल जोडतात. कृत्य अतिनिर्घृण स्वरूपाचे असेल किंवा प्रौढाबरोबर मिळून केले असेल, तर मात्र गुन्हा नोंदवला जातो. आमच्या प्रकरणात एकोणीस वर्षांचा मुलगा होता, म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ (चोरी) आणि ३४ (अनेकांनी मिळून केलेले कृत्य) खाली गुन्हा दाखल झाला. त्या मुलाचे प्रकरण तिथूनच वेगळे होऊन नेहमीच्या न्यायालयात गेले, कारण प्रौढ आणि बालक यांची सुनावणी एकत्र चालत नाही.

रविवारी मंडळाची बैठक नव्हती. अशा वेळी मंडळाच्या एका सदस्यासमोर मुलाला हजर करता येते, त्याप्रमाणे दुपारी त्याला एका सदस्यांच्या घरी नेले आणि तिथून निरीक्षणगृहात. आमच्याकडे सगळे अजून ‘रिमांड होम’च म्हणतात आणि आईच्या कानावर तो शब्द पडल्यावर तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

मंगळवारी, २६ तारखेला, मंडळाच्या आवारात एका वकिलांनी आपणहून येऊन जामिनाचे पंधरा हजार सांगितले. मी जवळजवळ होकार दिला होता, तेवढ्यात तिथल्या शिपायाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची खोली दाखवली. बालकांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच ती तरतूद आहे. अर्जाचा एक कागद भरल्यावर त्याच दिवशी एक तरुण वकीलबाई मिळाल्या आणि शेवटपर्यंत त्यांनीच काम पाहिले. बाहेरच्या टंकलेखकाने हमीपत्रासाठी शंभर रुपयांचा मुद्रांक घ्यायला सांगितला होता; वकीलबाईंनी साध्या कागदावर लिहून घेतले आणि ते चालले. त्या दिवशी माझा खर्च झेरॉक्स आणि रिक्षा धरून दीडशेच्या आत होता.

जामीन मात्र त्या दिवशी झाला नाही. मुलाला घरी पाठवले तर तो कुणाच्या देखरेखीखाली राहील, याचा अहवाल परिविक्षा अधिकाऱ्यांकडून (प्रोबेशन ऑफिसर) मागवला गेला. गुरुवारी अनंत चतुर्दशी, शुक्रवारी ईदची सुट्टी, मग शनिवार-रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. आमचे मंडळ मंगळवारी आणि गुरुवारी बसत असल्यामुळे पुढची तारीख थेट ३ ऑक्टोबरची पडली. सणासुदीत असे प्रकरण उद्भवले तर सुट्ट्या आधी मोजाव्यात आणि मनाची तयारी ठेवावी.

मधल्या काळात एकदा भेट मिळाली. एका लांब टेबलापलीकडे तो बसला होता, अंगात त्याच्या मापापेक्षा मोठा शर्ट. मी रागावून बोलायचे ठरवून गेले होते. तो बराच वेळ शर्टाची शेवटची गुंडी लावत आणि काढत राहिला आणि मग म्हणाला, “मावशी, आजीच्या गुडघ्याच्या गोळ्या शुक्रवारी संपतात. पाकीट फडताळावर आहे, त्यावर नाव आहे.” मी ठरवलेले काहीच बोलू शकले नाही.

दरम्यान परिविक्षा अधिकारी आईच्या खोलीवर आल्या. त्यांच्याबद्दल मला भीती वाटत होती, पण त्यांनी चोरीविषयी जवळपास काहीच विचारले नाही. मुलगा किती वाजता उठतो, जेवायला कुणाबरोबर बसतो, त्याच्या हातात पैसे कुठून येतात, वडील शेवटचे कधी भेटले, आईच्या मृत्यूनंतर तो कुणाशी बोलला का, असे प्रश्न होते. त्यांनी तो झोपतो ती जागा पाहिली. खोलीत एकच खाट, तो खाली दाराशी, आणि पावसाळ्यात तिथे ओल येते. ते त्यांनी लिहून घेतले. आमच्या आईने त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला आणि शेजाऱ्यांनी विचारले तर ‘शिष्यवृत्तीच्या कामासाठी आल्या होत्या’ असे सांगा म्हणाल्या. या भेटीच्या वेळी काही लपवू नये असे मला वाटते. घरातले दारिद्र्य किंवा बापाचे दुर्लक्ष अहवालात आल्याने मुलाचे नुकसान होत नाही. पुढच्या आदेशात त्याला काय मदत द्यायची हे त्यावरूनच ठरते.

३ ऑक्टोबरला मंडळाची खोली मी पहिल्यांदा आतून पाहिली. उंच व्यासपीठ नव्हते. एका मोठ्या टेबलाभोवती दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यांतल्या एक बाई, असे तिघे बसले होते आणि भाच्यालाही खुर्ची दिली होती. अशा मुलाला जामीन देणे हाच कायद्यातला सर्वसाधारण नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका उत्पन्न होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल असे वाटले तरच तो नाकारायचा. दंडाधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि मला विचारले, “हा आज सुटला तर रात्री कुठे झोपणार?”

प्रश्न सोपा नव्हता. वाड्याच्या मालकांनी तोवर आईला, पोराला पुन्हा इथे आणू नका, असे बजावले होते. आमचे घर दोन खोल्यांचे, मुलगी बारावीला, आणि यजमानांचा स्पष्ट विरोध नसला तरी मन तयार नव्हते. आदल्या रात्री आमचे बोलणे झाले होते आणि मुलगी दहा मिनिटे ऐकून घेऊन म्हणाली होती की ती आतल्या खोलीत अभ्यास करील, त्याने बाहेर झोपावे. मी मंडळाला आमचा पत्ता दिला, वीजबिल आणि शिधापत्रिका दाखवली, आणि परिविक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीच्या अटीवर हमीपत्र देऊन त्याला घेऊन आले. रोख जामीन भरावा लागला नाही. पुढे तारखांना बसून मी इतर मुलांची प्रकरणे ऐकली आणि माझे मत पक्के झाले की मुलाला कोठडीपासून आणि खटल्यापासून दूर ठेवण्याची कायद्यातली सगळी योजना या एका प्रश्नावर उभी आहे. ज्याच्यामागे पत्ता देणारे कुणी नसते, तो साध्या चोरीसाठीही निरीक्षणगृहात अडकून राहतो. ज्याच्यामागे असते, तो त्याच आठवड्यात घरी जातो. अपराधाच्या गांभीर्याचा त्या फरकाशी संबंध नसतो.

घरातले पहिले महिने अवघड गेले. तो रात्री उशिरा झोपे, फोन आला की बाहेर जाई, आणि यजमान त्याच्याशी फक्त जेवायला बोलावण्यापुरते बोलत. खर्चही वाढला होता. परिविक्षा अधिकाऱ्यांनीच सुचवल्यावरून नोव्हेंबरमध्ये आम्ही बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. एक किंवा दोन्ही पालक नसलेल्या मुलाला नातेवाइकांनी सांभाळले तर अठरा वर्षांपर्यंत मदत देणारी ही राज्य शासनाची योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा ११०० वरून २२५० रुपये झाली होती. बहिणीचा मृत्यूदाखला, मुलाचा आणि माझा आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, आणि घरासमोर मुलाबरोबर उभे राहून काढलेला फोटो, एवढे लागले. तो फोटो काढताना भाचा इतका ताठ उभा राहिला की फोटोग्राफर त्याला दोनदा म्हणाला, “अरे, लायसनचा नाही हा.” अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, त्यानंतर गृहभेट आणि बालकल्याण समितीचा आदेश. आदेश एप्रिल २०२४ मध्ये झाला आणि पैसे त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, मागचे धरून एकदम आले. या रकमेच्या भरवशावर महिन्याचे गणित बसवू नये, पण अर्ज जरूर करावा. अर्जाच्या पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. पुढच्या प्रत्येक चौकशीत तीच विचारतात.

मंडळातल्या तारखा सुरू होत्या. एकदा सदस्य रजेवर, एकदा मोटारसायकलचे मालक आले नाहीत, एकदा पोलिसांचे कागद अपुरे. ज्या अपराधाला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे तो कायद्याने किरकोळ ठरतो आणि त्याची चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते; फार तर दोन महिने वाढ मिळते आणि त्यातही संपली नाही तर कार्यवाही बंद होते. आमच्या वकीलबाईंना कुणीतरी सल्ला दिला होता की नुसते दिवस जाऊ द्यावेत. त्यांनी भाच्यालाच विचारले. तो म्हणाला, गाडी आम्हीच उचलली होती, गाडीचे मालक समोर येऊन बसतात तेव्हा मला खाली बघावे लागते, एकदाचे संपवा. ५ मार्च २०२४ ला आदेश झाला: समज, सामूहिक समुपदेशनाची सत्रे, समाजसेवा, आणि एक वर्ष परिविक्षा अधिकाऱ्यांची देखरेख.

समाजसेवा सरकारी रुग्णालयात, शनिवार-रविवारी सकाळी. केसपेपरच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना नंबर सांगायचा, चाकाची खुर्ची लागली तर आणायची, एक्स-रेची खोली दाखवायची. पहिल्या शनिवारी तो तोंड पाडून परतला. महिनाभराने रुग्णालयातल्या गोष्टी जेवताना सांगू लागला आणि यजमान त्या ऐकू लागले, एवढा बदल मी नक्की नोंदवीन. समुपदेशनाच्या सत्रांविषयी तो घरी फारसे बोलला नाही आणि आम्ही विचारले नाही.

त्याच सुमारास, १९ मे २०२४ ला, पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले, आणि त्या मुलाला काही तासांत जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातल्यावरून राज्यभर संताप उसळला. तो संताप मला समजतो. त्या दोघांच्या आईवडिलांच्या जागी कुणीही असते तरी पेटले असते. पण त्याची झळ बाल न्याय मंडळाशी संबंध आलेल्या प्रत्येक मुलाला लागली. भाच्याच्या प्रकरणाची बातमी आमच्याकडे कशी पसरली कोण जाणे, एका ओळखीच्या बाईंनी भाच्याला रस्त्यात थांबवून “तुझा निबंध झाला का रे?” असे विचारले. पुढच्या रविवारी तो रुग्णालयात जायला तयार नव्हता. परिविक्षा अधिकाऱ्यांना फोन केला, त्या स्वतः घरी आल्या आणि त्याच्याबरोबर चालत गेल्या. आदेशात असे काही लिहिलेले नसते. पण अशा व्यवस्थेत मुलगा टिकतो तो अशा माणसांमुळे, आणि अशी माणसे प्रत्येक जिल्ह्यात पुरेशी नाहीत. त्यांच्याकडे किती मुलांची प्रकरणे असतात हे त्यांच्या पिशवीतल्या फायलींवरूनच कळत होते.

जूनमध्ये आम्ही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसाठी ऑनलाइन अर्ज भरला. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, दहावीच्या कमी गुणांवरही जागा मिळते आणि एमआयडीसीत त्याला मागणी आहे, हा विचार त्याचा स्वतःचा. तिसऱ्या फेरीत शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेत नंबर लागला आणि ऑगस्टपासून तिथल्या वसतिगृहात जागा मिळाली. प्रवेशाच्या वेळी मंडळाच्या आदेशाचा उल्लेख कुठे करायचा का, हा प्रश्न आम्हाला पडला होता. वकीलबाईंनी कलम २४ वाचून दाखवले: या कायद्याखाली कार्यवाही झालेल्या बालकाला त्यामुळे कोणतीही अपात्रता लागत नाही. अर्जात तसा रकाना नव्हता, आम्ही काही लिहिले नाही. वसतिगृहात गेल्यावर देखरेखीच्या भेटीसाठी तो महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी येई. येण्याजाण्याचे एसटीचे भाडे आमचे.

अठरा पूर्ण झाल्यावर राहण्याची सोय काय, याची चौकशी मी वेळेआधीच केली. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे पुढेही आधार देण्याची, तरतूद आहे. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत त्यासाठी दरमहा ४००० रुपये ठरवलेले आहेत, एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादाने तेविसाव्या वर्षापर्यंत. परंतु ती बालगृहासारख्या संस्थेत राहून अठरा पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे. आमचा मुलगा नातेवाइकांकडे राहिला, म्हणून तो त्यात बसला नाही आणि मे २०२५ मध्ये वाढदिवसाबरोबर बालसंगोपनही थांबले. मुलाला घरात घेणाऱ्या कुटुंबाला नेमक्या त्या वळणावर काहीच मिळत नाही, ही उणीव मला फार खटकते. ज्यांचे मूल आत्ता संस्थेत आहे त्यांनी मात्र अठरावे वर्ष लागताच जिल्हा बाल संरक्षण कक्षात अनुरक्षणाविषयी लेखी विचारणा करावी.

देखरेखीचे वर्ष मार्च २०२५ मध्ये संपले, परीक्षा जुलैमध्ये झाली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारीची जागा मिळाली आणि दोन सहकाऱ्यांबरोबर खोली घ्यायचे ठरले: भाडे सहा हजार, प्रत्येकी दोन, अनामत पंधरा हजार. त्याच्या वाट्याची अनामत यजमानांनी न मागता दिली. कारखान्याने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला आणि तिथे आम्ही सगळेच पुन्हा घाबरलो, कारण ठाण्याच्या संगणकात त्याचे नाव त्या जुन्या गुन्ह्यात होते. अर्जाची छाननी करणाऱ्याने नोंद दिसते म्हणून अर्ज थांबवला. वकीलबाईंच्या सांगण्यावरून आम्ही मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, वयाचा पुरावा आणि कलम २४ चा उल्लेख असलेला एक पानी अर्ज पोलीस निरीक्षकांच्या नावे दिला. दोन आठवड्यांनी दाखला मिळाला, त्यात प्रतिकूल काही नव्हते.

म्हणून ज्यांचे प्रकरण निकालात निघत आहे त्यांनी आदेशाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करून ठेवावा, दोन प्रती घ्याव्यात आणि एक मुलाजवळ न ठेवता घरी ठेवावी. पहिल्या रात्रीच कुणाला हे वाचायला मिळाले, तर विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे आणि बालकांसाठीचा १०९८. दोन्ही मोफत आहेत.